मी भेसळ म्हटलेली नाचणी

माझा नाचणीवरचा शोधनिबंध परदेशातल्या एका जर्नलमध्ये छापून आला. तो उघडायला गेले तर डॉलरमध्ये पैसे मागणारी चौकट समोर उभी राहिली. महाडच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. असली जर्नलं विकत घ्यायची आमची ऐपत नाही, आणि नसेना का, पण लेख माझा होता! दोन पावसाळे आंबेनळीच्या रस्त्यावरच्या वाड्यांमधून मी तंगडतोड केली होती. मी मुळातच तापट. त्या दिवशी स्टाफरूममध्ये जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आमचे ग्रंथपाल शांत गृहस्थ. त्यांनी आधी चहा मागवला आणि मग समजावलं, की छापील पानं जर्नलची असली तरी तपासून पक्की झालेली माझी स्वतःची प्रत मला इंटरनेटवरच्या खुल्या संग्रहात ठेवता येते. तशी मुभा जर्नलच्याच नियमांत होती; मी सही करताना ते वाचलेच नव्हते. एकदा ती प्रत तिथे चढवली की ती कुणीही, कुठूनही, फुकट वाचावी. मग काय, अंगात आल्यासारखी कामाला लागले. सुट्टीतले पंधरा दिवस खपून निबंधाचं मराठीही केलं आणि दोन्ही प्रती एकत्र चढवल्या. ज्यांच्या शेतात हिंडले त्यांनाच वाचता येणार नसेल तर लिहून उपयोग काय, असं ग्रंथपालांना ऐकवलंसुद्धा. जणू ती कल्पना माझीच होती. त्यांतल्या एका वाडीच्या मुंबईकर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक पाठवली, आणि पीएचडी मिळाली तेव्हाही आली नव्हती अशी शांत झोप मला आली.

मे महिन्यात मेसेज आला. वाडीतल्या ज्या काकींच्या शेतावर मी सर्वांत जास्त बसले होते, त्यांच्या मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाचा. त्याने लिहिलं होतं, "मॅडम, तुमचं सगळं वाचलं. डोळे उघडले. आईला जुनं बियाणं बंद करायला लावलंय. या वर्षी पाकिटातलं आणलंय. थँक्यू."

तो मेसेज मी नवऱ्याला दाखवला, ग्रंथपालांना दाखवला, भाजीवालीला तेवढा दाखवायचा राहिला. वीस वर्षांत माझं लिखाण वाचून कुणी काही केल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं. जुनं बियाणं बंद, हे शब्द मी वाचले होते, नाही असं नाही. पण हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या बाईला खालचं नीट दिसत नाही. पुढच्याच रविवारी पोलादपूरहून एसटी धरली आणि काकींकडे निघाले. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला निघाले.

रस्त्यापासून वाडी अर्ध्या तासाच्या चढावर. काकी साठीच्या पुढच्या, काटक, कामापुरतं बोलणाऱ्या. चार दिवस राहून मुलगा परत गेला होता आणि घरात त्या एकट्याच होत्या. पालापाचोळा जाळून राब भाजून झाला होता. रोपं टाकायची ती काळी पडलेली जागा दारातूनच दिसत होती. पाऊस पडला की बी टाकायचं, एवढंच काम उरलं होतं. काकींनी मला पाटावर बसवून नाचणीची गरम भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरीतली अर्धी मागून घेतली. भाकरीला काय गोडी आहे, असं म्हटलंही.

काकी चुलीपाशी बसून होत्या. त्यांनी विचारलं, "बाय, उदासीन म्हंजे काय गो?"

कुठे ऐकलंत, असं मी विचारलं.

"तुज्याच लिवण्यात हाय. पोरानं वाचून दावलं."

मला वाक्य आठवलं. ‘स्थानिक बियाण्यात भेसळ आढळते, बियाण्याची शुद्धता राखण्याबाबत शेतकरी उदासीन दिसतात.’ इंग्रजीत ते किती सभ्य दिसत होतं. आता ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्याच चुलीसमोर बसून, त्यांचीच भाकरी हातात घेऊन त्याचा अर्थ सांगायचा होता. मी बरंच इकडचं तिकडचं बोलले. काकींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे आमाला त्याची काय पडलेली नाय, असं," त्या म्हणाल्या.

त्या रागावल्या नव्हत्या, हेच मला जड गेलं. मी म्हटलं, पण काकी, तुम्हीच सांगितलं होतं की हळवी आणि गरवी, लवकर पिकणारी आणि उशिरा पिकणारी, दोन्ही एकातच टाकता. होय, सांगितलं होतं, त्या म्हणाल्या. ते का, असं तू विचारलंस कुठे?

खरंच विचारलं नव्हतं. माझ्याकडे छापील प्रश्नावली होती. बियाणं वेगवेगळं निवडून ठेवता का? होय किंवा नाही. काकी ‘नाय’ म्हणाल्या आणि मी चौकटीत खूण करून पुढच्या प्रश्नावर गेले. दोन पावसाळे चिखल तुडवला आणि शेवटी उंटावरून शेळ्या हाकल्या, त्या अशा.

"खुडायला घरात मी येकटी," काकी म्हणाल्या. "सगली नाचनी येकदम पिकली तर काय धा हातांनी खुडू? हलवी आधी पिकते, ती आधी खुडते. गरवी मागनं. आन येकीला पावसानं झोडपलं तर दुसरी हाय."

एवढंच. माझ्या पंचवीस पानांत जे नव्हतं ते काकींच्या चार वाक्यांत होतं. माणसं मुंबईला गेलेल्या वाडीत एकट्या बाईला झेपावं म्हणून जाणून-बुजून मिसळलेलं ते पीक, आणि मी त्याला भेसळ म्हटलं होतं. मला फार लाज वाटली. बंद जर्नलात ते वाक्य कुणी न वाचता सुखाने पडून राहिलं असतं. मी ते खुलं केलं, मराठीत केलं, आणि ते बरोबर त्याच घरी जाऊन पोचलं.

मी म्हटलं, काकी, ते पाकीट ठेवून द्या, तुमचंच बी टाका. ते कुठे आहे?

काकींनी माझ्या ताटाकडे पाहिलं. "हे काय, खाल्लंस ना आत्ता. पोरगा बोलला टाकून दे. टाकू कशी? गिरनीवर दलून आनलं."

उरलेली अर्धी भाकरी माझ्या हातात तशीच राहिली. काकींच्या सासूच्या हातापासून चालत आलेलं ते बियाणं होतं. हेही मी निबंधात लिहिलं होतं, फार सुंदर शब्दांत. रडू आवरायला मी पाणी प्यायले, पण ते आवरलं नाहीच.

काकी मला कधी नव्हे त्या हसताना दिसल्या. म्हणाल्या, "अगो, बी कोन येका घरात ठेवतं काय? चल, ऊठ."

खालच्या वाडीत त्यांची नणंद राहते. आम्ही पायवाटेने उतरलो. वाटेत काकींनी सांगितलं, की दर वर्षी बी निवडून झालं की त्यातलं सूपभर दोन-तीन घरी देऊन यायचं. उंदीर लागो, कीड लागो, घरातलं दुखणंखुपणं निघो, कुणाकडे तरी ते पेरलं जातं. आपलं गेलं तर तिकडून आणायचं. मी त्यांना म्हटलं की मी निबंध दुरुस्त करीन, तुम्ही सांगितलंत ते सगळं तुमचं म्हणूनच लिहीन. पण संग्रहातली जुनी प्रत पुसता येत नाही, हेही सांगितलं. नवी तिच्यावर बसते आणि माझी चूक खाली सगळ्यांना दिसत राहते. राहू दे की, काकी म्हणाल्या, चूक दिसली तर दुसरी बाय तरी इचारील. मुलाला फोन करून मी सांगते असंही मी म्हटलं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की त्याला ओरडू नको, तो बिचारा आईसाठीच वाचत होता.

नणंदबाईंनी काही विचारलं नाही. चुलीवरच्या माळ्यावरून मडकं काढलं, फडकं सोडलं आणि सुपात नाचणी ओतली. काकींनी ती बोटांनी पसरून पाहिली, मान हलवली, आणि पदरात बांधून घेतली. आभार नाहीत, मोजमाप नाही. मीच न राहवून विचारलं की हे परत किती द्यायचं असतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. प्रश्नावलीच्या दिवसांतही त्या मला अशाच सांभाळून घेत असणार.

मग नणंदबाईंनी मडक्यातून एक मूठ काढून माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, अहो, माझं घर महाडला दुसऱ्या मजल्यावर, मी कुठे पेरणार?

"पेरू नको तर कोनाला तरी दे," त्या म्हणाल्या. "पन कपाटात ठेवू नको, बाय. ठेवलं की मरतं."

मी पर्समधला रुमाल काढला आणि त्यांच्यापुढे पसरला.