चिंगीची धार आणि माझं कटर

यंत्र बंद करायच्या सगळ्या सोयी काढून टाकल्या की यंत्र फार जोरात चालतं, हे मी स्वतः सिद्ध केलेलं आहे. फक्त ते सिद्ध करायला मी जी सकाळ निवडली, ती आमच्या मंडळींच्या गाईच्या दूध स्पर्धेची होती.

गाईचं नाव चिंगी. नावावर जाऊ नका! ती गोठ्यात शिरते तेव्हा दार लहान वाटतं. पण जन्मली तेव्हा खरंच चिंगी होती. आई व्यायल्यावर लगेच मेली. मंगलनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, बाटलीनं दूध पाजून ते वासरू जगवलं. थंडीत तिच्या अंगावर माझी गोधडी घातली. (मला विचारलं नव्हतं.)

आमच्या गावच्या यात्रेत दूध स्पर्धा असते. आमचा तालुका संगमनेर, इथं माणसाच्या तब्येतीआधी गाईच्या दुधाची चौकशी होते. पंच गोठ्यावर येतात, सकाळची आणि संध्याकाळची धार डोळ्यांदेखत काढायला लावतात आणि काट्यावर वजन करतात. पहिला नंबर कायम वरच्या आळीतल्या रंगनाथ अण्णांच्या गाईचा. एकदा डेअरीवर, चार लोकांत, अण्णा मंगलला म्हणाले, "मंगलबाई, तुमी आपलं शेण-घास बघा. स्पर्धेचं आमच्याव सोडा." मंगल तडक घरी आली आणि चिंगीच्या पाटीत सरकी पेंड वाढवली. त्या दिवसापासून आमच्या घरात पहिला नंबर सोडून दुसरा विषय नव्हता. माझ्या चहात साखर विसरायची, पण चिंगीच्या खुराकात मीठ विसरली नाही!

आता माझ्याकडे येतो. (यायला नको, पण इलाज नाही.)

मला इंजिनाचा नाद आहे. शिक्षण नाही, नाद आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून मी चेनसॉचं, म्हणजे लाकूड कापायच्या पेट्रोलच्या कटरचं, एक किट मागवलं. तयार मशीन नव्हे, सुटे पार्ट! मूळ कंपनीचे नव्हेत, बाहेर कुणीतरी बनवलेले, खोक्यात भरून पाठवलेले. "तुमचे तुम्ही जोडा" असा प्रकार. मी जोडलं. उरलेले चार स्क्रू मंगलच्या मोहरीच्या डबीत ठेवले. मशीन चालू झालं, आणि तिथं शहाणा माणूस थांबला असता.

मी म्हटलं, ह्याची ताकद वाढवू.

सायलेन्सरला भोकं पाडली. धूर मोकळा गेला की इंजिन मोकळं होतं. सिलिंडरखालचं पॅकिंग काढून टाकलं, त्यानं दाब वाढतो असं व्हिडिओतला माणूस सांगत होता. (पॅकिंग काढल्यावर फटीतून हवा शिरली तर इंजिन बेफाम पळतं, हे तो पुढच्या व्हिडिओत सांगणार होता. तो मी पाहिला नव्हता.) चोकची झडप हवेच्या वाटेत आडवी येते म्हणून काढली. बंद करायच्या बटणाची वायर मध्येमध्ये लोंबत होती, तीही काढली.

"मग बंद कसं करायचं, दाजी?" असं मंगलच्या भावानं, संतोषनं, विचारलं. तो स्पर्धेसाठी बहिणीच्या मदतीला आला होता.

"बंद करावंच लागत नाही," मी अभिमानानं सांगितलं. ते खरंही होतं! चाचणीला मी झाकणभरच पेट्रोल टाकायचो. ते संपलं की मशीन आपोआप थांबायचं.

"लई डोकं हाय तुमाला," संतोष म्हणाला. मी ते कौतुक समजलो.

स्पर्धेच्या सकाळी मंगलनं घराला ताकीद दिली. "चिंगी लई बुजरी हाय. धार निघंस्तोवर कुणी चपलंचासुदिक आवाज करायचा न्हाई. ती बिचकली तर पान्हा चोरल, मग देव जरी आला तरी थेंब सोडायची न्हाई." शेजारचं कुत्रं लांब नेऊन बांधायला लावलं. दुधाच्या टेम्पोवाल्याला हॉर्न वाजवू नको म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. कुकरची शिट्टीसुद्धा काढून ठेवली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी काईच करू नका. निस्तं उभं ऱ्हावा."

मला एवढंच काम होतं. आणि तेही मला जमलं नाही!

पंचांची जीप आली. त्यात जनावरांचे डॉक्टर होते, तेच मुख्य पंच. उतरता उतरता ते सहज म्हणाले, "ती बाभळीची फांदी गाडीच्या टपाला घासली बुवा." बस्स! एवढंच. पण मला वाटलं, साहेबांनी मलाच बोलावलं. जाताना पुन्हा घासली तर घराची काय अब्रू राहील? (अब्रूची काळजी मला तेव्हा होती.) मंगल अजून चिंगीची कास धुत होती. म्हटलं, धार लागायच्या आत फांदी खाली.

आणि घाईघाईत मी टाकी भरली. पूर्ण. गळ्यापर्यंत!

दोरी ओढली. सायलेन्सरला भोकं पाडलेलं इंजिन कसं वाजतं, हे कागदावर लिहिता येत नाही. बाभळीवरची सगळी पाखरं उडाली. फांदी मात्र अशी कापली गेली की काकडीसुद्धा इतकी सरळ कापली जात नाही. मी विजयी मुद्रेनं डॉक्टरांकडे पाहिलं आणि वेगाचा खटका सोडला.

आवाज कमी झाला नाही. वाढला!

फटीतून हवा शिरत होती आणि इंजिन पिसाळलं होतं. बटण दाबलं. बटणाला वायर नव्हती. चोक ओढला. चोकला झडप नव्हती. साखळी गरगर फिरतेय, मी हात लांब करून उभा, आणि एकेक करून मला माझीच अक्कल आठवतेय.

"दाजी, प्लगची वायर ओढा!" संतोष ओरडला. ओढली. हाताला असा झटका बसला की थेट पणजोबा आठवले. पुन्हा हात लावायची छाती झाली नाही.

"खाली ठेवा!"

खाली ठेवलं तर ते साखळीवर चालायला लागलं! पंचांच्या दिशेनं! मी झडप घालून उचललं आणि पळत सुटलो. कुठं पळतोय ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. मी ज्या बाजूला वळेन त्या बाजूची माणसं दुसऱ्या बाजूला. डॉक्टर जीपच्या बॉनेटवर चढले. वजनकाटा घेतलेला पंच काट्यासकट घासाच्या वाफ्यात उतरला.

"हौदात बुडवा, हौदात!" संतोषचा सल्ला.

हौद कुठं होता? गोठ्याला लागून. चिंगीच्या तोंडापासून हाताच्या अंतरावर. हे मला पळताना आठवायला हवं होतं, पण मला फक्त पाणी दिसत होतं. मी ते घोंगावतं धूड घेऊन थेट गोठ्यावर चाल केली आणि हौदात टाकलं. फस्सकन वाफ आली आणि सगळं शांत झालं. पाण्यावर पेट्रोलचे रंग पसरले.

गोठ्यात बादली आडवी पडली होती. चिंगी कोपऱ्याला अंग चिकटवून थरथरत होती, डोळे पांढरे केलेले. मंगल तिच्या पाठीवर हात फिरवत होती. "न्हाई गं बाय, काय न्हाई. म्या हाय न्हवं. काय न्हाई."

तिनं बादली धुतली, बसली, सडाला हात लावला. एक बारीकशी धार आली आणि थांबली. मग काहीच नाही.

"चोरला पान्हा," ती हळू म्हणाली. "कास दगडावानी झाली."

"इंजेक्शन द्यायचं नाही, ताई. नियम आहे," डॉक्टर म्हणाले. बोलता बोलता त्यांनी हौदाकडे एकदा बघून घेतलं.

"मला न्हाई द्यायाचं. ती मनानं देती."

पण चिंगीचं मन माझ्यापासून जेमतेम दहा पावलांवर उभं होतं आणि माझ्या कपड्यांना पेट्रोलचा वास होता. वेळ संपली. बादलीचा तळ कसाबसा झाकला गेला होता. पंचांनी वजन केलं आणि कुणीच आकडा मोठ्यानं वाचला नाही. मंगलनं चिंगीच्या कुशीला कपाळ टेकलं आणि तशीच राहिली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिथं ओल्या हातांनी उभा होतो आणि मला माझी इतकी लाज वाटत होती की हौदात माझ्यासाठीही जागा आहे का, ते मी पाहून घेतलं.

निघताना डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळच्या धारेला मालक गोठ्याजवळ नकोत."

"मालक म्या हाय," मंगल म्हणाली. "ह्यांना न्हाई येऊ द्यायची."

दिवसभर मी हौद उपसला, घासला, पुन्हा भरला. संध्याकाळी मला एसटीच्या थांब्यावर पाठवण्यात आलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं विचारलं, "कुठं निघालात?" मी "कुठंच नाही" म्हणायचो आणि ते हसत पुढं जायचे. म्हणजे गावभर झालं होतं.

संतोष धावत आला. "दाजी! चिंगीनं सकाळचं बी सोडलं! बादली बदलाया लागली!"

सकाळचं सगळं मात्र आलं नाही. घाबरलेल्या गाईचं थोडं आटतंच. दोन्ही वेळची बेरीज झाली आणि चिंगीचा दुसरा नंबर आला. तांब्याभर दुधानं पहिला गेला. कुठं गेला हे सांगायला नको.

अंधार पडायच्या आत हलगी वाजवत, गुलाल उधळत अण्णांची मिरवणूक आमच्याच दारात येऊन थांबली. मंगल उंबऱ्यात आली. मी तिच्या मागं, दिसणार नाही असा.

अण्णा पुढं झाले. टोपी काढली आणि मंगलला हात जोडले. "वहिनी, त्या दिवशी डेअरीव मी चुकीचं बोललो. तुमची गाय माझ्या गाईच्या वरचढ हाय, हे समद्या गावानं बघितलं."

मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं. वाटलं, चला, निभावलं!

"पर नंबर माझा आला," अण्णा म्हणाले, "आन् ज्याच्यामुळं आला त्याचा मान त्याला द्यायाच पायजे. भाऊ, म्होरं या!"

हलगी थांबली. कुणीतरी मला ढकललं. अण्णांनी शेंडी न काढलेला नारळ माझ्या हातात दिला, खांद्यावर नवा टॉवेल टाकला, कपाळाला गुलाल फासला आणि मानाची टोपी माझ्या डोक्यापुढं धरली. सगळी आळी टाळ्या वाजवत होती. सख्खा मेहुणा सगळ्यांत जोरात!

मी मंगलकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी ही नको म्हणेल.

"घ्या की घालून," मंगल डोळे पुसत म्हणाली. "लगीन झाल्यापासनं पयल्यांदाच कुणीतरी तुमचा सत्कार करतंय."

मी मान खाली घातली. टोपी घालून घ्यायला मान तशीही खाली घालावी लागतेच.