दाराखालचा पाइप

फुलचूरच्या त्या वेल्डरला गाडी कुठे फिरते ते सांगावं लागत नाही. तो आधी जमिनीवर आडवा होतो आणि गाडीखालचे ओरखडे बोटांनी चाचपतो.

"आपल्या इथल्या प्रतापगडाकडच्या जंगलात जाऊन राहिले ना तुमी?"

खरं होतं. जंगलकामाच्या फेऱ्यांत दगडांवर घासून माझ्या जुन्या जीपचा दाराखालचा पत्रा पार आत गेला होता. तो वाचवायला मी बाजारातून चकचकीत स्टीलचे साइड पाइप आणले होते. त्याने एकावर हातोडी मारली, कान देऊन ऐकलं आणि दोन्ही पाइप भिंतीला टेकवून ठेवले.

"हे पाय ठेवाले हायेत. दगड झेलाले नाई."

"दिसतात तर छान."

"दगडाले दाखवता का?"

मग चार दिवस तो जाड, काळे पाइप कापून थेट चासीला, गाडीच्या सांगाड्यालाच, जोडत बसला. एक जोड त्याला पटला नाही, तर माझ्यादेखत तोडून पुन्हा लावला. मी घाई केली, तेव्हा त्याने नुसता चष्मा डोळ्यांवर ओढला.

शेवटी त्याने जॅक नव्या पाइपाखालीच लावला. त्या बाजूची दोन्ही चाकं अधांतरी झाली आणि हा गडी गाडीखाली सरकला.

"अहो, आधी टेकण लावा!" मी ओरडलो.

"कायले? तुमाले पाय ठेवाचा होता ना? ठेवा आता."

बाहेर फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. मी जीव मुठीत धरून एक पाय पाइपावर टेकवला.

"दोनी ठेवा," खालून आवाज आला.