मोगऱ्याला घातलेली मळी

आप्पांना मी बेळगावजवळ मच्छे गावी माझ्या घरी आणायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली.

"मोगरा संगट येणार. त्यो जगला तर मी ऱ्हातो. न्हाय जगला तर मला संकेश्वरला परत सोडायचं."

आई गेल्यापासून संकेश्वरच्या घरात आप्पा एकटेच. एकदा न्हाणीत घसरले आणि अर्धा दिवस तसेच पडून राहिले. तरी लेकीच्या घरी कायमचं राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरी पाणीसुद्धा अवघडून पितात.

मोगरा आईनं लावलेला. रोज त्यातली दोन फुलं तिच्या फोटोला, हा आप्पांचा नेम. आम्ही तो मुळांसकट काढला, गोणपाटात गुंडाळला आणि टेम्पोत आप्पा त्याला मांडीशी धरून बसले.

बेळगावच्या नर्सरीवाल्यानं कुंडी देताना बजावलं होतं, "फांद्या छाटा, सावलीत ठेवा. नवी पालवी फुटेपर्यंत खत घालू नका." पंधरा दिवस मी ऐकलं. मग पानं पिवळी पडून गळायला लागली आणि माझा धीर सुटला. शेतकऱ्याची लेक मी, आणि हा कुंड्या विकणारा मला शिकवणार? मळी, म्हणजे कारखान्यात उसाचा रस गाळून उरलेला गाळ, घातल्यावर आमचा ऊस कसा तरारायचा, ते मी लहानपणी पाहिलेलं. ऑफिसातल्या एकाला सांगून साखर कारखान्याची पोतंभर मळी आणवली. आप्पा आंघोळीला गेले तेवढ्यात चार ओंजळी कुंडीत कालवल्या. त्यांना एकदम पालवीच दाखवायची होती मला.

ताजी मळी आतून तापते, ती वर्षभर कुजवून मगच घालायची, एवढं साधं मला माहीत नव्हतं. आठवड्यात शेंडे काळे पडले. मग मळी उकरून काढली, माती बदलली, कुंडी जिन्याखाली गारव्याला ठेवली. रोज सकाळी फांदी नखानं खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. एकेक फांदी कोरडी, तपकिरी निघत गेली.

मोतीबिंदूमुळं आप्पांना नीट दिसत नसे. ते विचारायचे, "हिरवं हाय का गं?"

"व्हय, हाय की."

मग ते तांब्याभर पाणी घालायचे. हे परत गेले तर पुन्हा न्हाणीत पडतील, या भीतीनं मी रोज खोटं बोलत होते.

एका सकाळी त्यांनी विचारलंच नाही. कुंडीपाशी त्यांनी मोडून पाहिलेल्या कोरड्या काटक्या पडल्या होत्या. पिशवी भरून तयार होती, वर टॉवेलात गुंडाळलेला आईचा फोटो.

"रविवारी सोड मला."

मला रडू फुटलं. "आप्पा, मीच मारलं झाड. तुमच्या चोरून ताजी मळी घातली."

"ठावं हाय. आंघुळीवरनं आलो तवाच वास आलता."

"मग तवाच का बोलला न्हाईसा?"

त्यांनी कुंडीच्या काठावरून हात फिरवला. "लेकीच्या घरात आपुन काय बोलायचं?"

रविवारी त्यांना संकेश्वरला सोडलं. निघताना मी म्हणाले, "आप्पा, न्हाणीला आतनं कडी लावू नगा. आणि रोज फोन करा."

"व्हय, करतो की," ते म्हणाले. मी रोज "व्हय, हाय की" म्हणायचे, अगदी तसंच.