नातेवाइकांच्या बाजूला

समाजकार्याच्या वर्गात तिला सगळे 'वकीलबाई' म्हणत. ती वाद घालायला लागली की समोरच्याने हात टेकायचे. पण दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी व्यसनमुक्ती केंद्र मिळालं, तेव्हा तिची बोलतीच बंद झाली. तिचा मोठा भाऊ दारू पीत होता आणि वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आई तर विचारणाऱ्यांना बिनदिक्कत सांगायची, "तो फिरतीवर असतो."

एका दुपारी पेशंटच्या नातेवाइकांची बैठक आटोपून ती खुर्च्या रचत होती. तोच जवळच्या गॅरेजच्या मालकाने आपल्या दारात पिऊन पडलेल्या कुणाला तरी बखोटीला धरून आत आणलं. दादाच होता तो. गुडघा फुटलेला, एका पायात चप्पल नाही. तिला बघून तो खवळला.

"घरी माझं डोकं खातेस ते पुरत नाही का? इथेही हजर!"

सोबत खुर्च्या रचणारी वर्गमैत्रीण कुजबुजली, "ओळखतो का गं हा तुला?"

नाही म्हणणं फार सोपं होतं. तिने हातातली खुर्ची खाली ठेवली.

"माझा सख्खा भाऊ आहे," ती म्हणाली आणि मालकाकडे वळली. "काका, दुसरा हात मी धरते."

संध्याकाळी मार्गदर्शक मॅडमनी तिला बोलावलं. "तुला दुसरीकडे पाठवते. त्यात काही कमीपणा नाही."

"दादाची केस माझ्याकडे नकोच, मॅडम. पण मी इथून हलणार नाही."

"रोज टोचून बोलला तर?"

"लहानपणापासून ऐकतेय."

मॅडमना हसू आलं. "बरं. पण पुढच्या बैठकीत तू विद्यार्थिनी नाहीस. आईला घेऊन नातेवाइकांच्या बाजूला बसायचं."

आईने आधी कानांवर हात ठेवले. "चार लोकांत माझी शोभा करायचीय का तुला?"

"तिथले चारही लोक आपल्यासारखेच आहेत. चल."

बैठकीत आई पर्स छातीशी धरून बसली. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "तुमचा कोण?"

"मुलगा. फिरतीवर..." आई अडखळली. "पितो," ती म्हणाली आणि रडू लागली. लेकीने तिला रडू दिलं.

दादा उपचार अर्धवट टाकून पळाला. मायलेकी तरीही बैठकीला जात राहिल्या. हिवाळा सरता सरता तो आपल्या पायांनी परत आला. नंतर एकदा घसरला, पुन्हा सावरला. वकीलबाई पास होऊन त्याच केंद्रात नोकरीला लागली. बहीणभाऊ अजूनही कडाकडा भांडतात, फक्त आता दोघंही शुद्धीवर असतात.