ओळींवरची पेन्सिल

दहावीच्या तोंडी परीक्षेचा सराव घेताना वैशालीचे इंग्रजीचे पुस्तक माझ्या हाती आले. प्रत्येक छापील ओळीच्या डोक्यावर तिने पेन्सिलीने, देवनागरीत, उच्चार लिहून ठेवले होते. आठवीपासून प्रत्येक पुस्तकात ती अशा वरच्या ओळीच घडाघडा वाचत आली होती. खालची इंग्रजी अक्षरे तिच्यासाठी पाण्याखालच्या गोट्यांसारखी होती. दिसत, पण हाताला लागत नसत.

परीक्षेत मात्र कोरे पुस्तक मिळणार होते. "हे खोड आणि वाच," मी म्हणाले.

"बाई, माझी बोबडीच वळेल."

"हिचं इंग्रजी पेन्सिलीवर चालतं, बाई!" मागच्या बाकावरून शबाना म्हणाली, आणि तिनेच आपला खोडरबर पुढे केला.

वैशालीने एक पान खोडले. कागदाला रबराचा गोडसर वास आला. मग ती बोट ठेवून वाचू लागली. एरवी धावणारा तिचा आवाज अनोळखी अंगणात शिरल्यासारखा एकेका शब्दापाशी थबकत होता. किती वर्षे मी या मुलींच्या वेगालाच शाबासकी देत आले! जीभ अडखळली की कानाला ऐकायलाही उसंत मिळते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

शेवटच्या ओळीवर वैशाली थांबली. महिनाभर रोज वाचलेल्या त्या पानाकडे ती नवलाने पाहत राहिली.

"बाई, या धड्यातला म्हातारा घरी पोचतच नाही? आणि त्याची बायको तिकडे ताट वाढून बसलीय."