आईचा एक जून

आज सकाळी बँकेचा मेसेज आला, आईला वाढदिवसाच्या शुभेच्छा. एक जून. ती जाऊन तीन वर्षं झाली, पण तिचा नंबर मी अजून बंद केलेला नाही.

मेसेज वाचला आणि मी थेट कोपरखैरण्याच्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात पोचले. परातीत डिंकाच्या लाडवांचं सारण निवत होतं. ताई परदेशात एकटी, तिला नववा लागलेला, आणि आई-अण्णांचा व्हिसा अडकलेला. तेवढ्यात व्हिसा ऑफिसातून चौकशीचा फोन आला. फॉर्मपेक्षा एक शब्द वेगळा गेला तर रिजेक्ट, असं एजंटने बजावलं होतं. मी स्पीकर लावला.

"नवरा-बायको दोघांचीही जन्मतारीख एक जून कशी?" पलीकडच्या बाईने विचारलं.

आई तुपाचे हात पदराला पुसत सरळ सांगायला लागली, "अवो, आमच्या गावात शाळेत घालताना मास्तर समद्यांचीच एक जून लिवायचे. माझी खरी तारीख म्हंजे..."

मी तिचं मनगट इतक्या जोरात दाबलं की बांगडी पिचली.

"एक जूनच," आई म्हणाली.

व्हिसा मिळाला. बाळंतपणाला आई वेळेवर पोचली. आपण प्रसंग निभावला, याचं मला कितीतरी वर्षं कौतुक होतं.

ती तारीख मी नंतर कधी विचारली नाही, तिनेही पुन्हा तो विषय काढला नाही. आता वर्षातला कुठलातरी एक दिवस येतो आणि जातो, आणि तो आईचा होता हे मला कळत नाही.