आईची राणी

परवा संत्रं सोलताना सालीचा झणझणीत वास आला आणि मला शेंदूरजनाघाटची आमची बाग आठवली. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सुट्टीत अमरावतीहून आले, की संत्री निवडता निवडता आईला एक जादूची कादंबरी आमच्या बोलीत सांगायची. माझी राणी चेटकिणीला दटावायची, "मले भेव दाखवून राहिली काय वं?" आई मध्येच म्हणायची, "दे तिले एक ठेवून."

मग त्याच कादंबरीची मालिका आली. पहिला भाग बघायला शेजारपाजारचे आमच्याकडे जमले. टीव्हीवरची राणी अगदी पुस्तकी बोलली. आमच्यासारखा बोलत होता तो तिचा बावळट, खादाड नोकर. त्यानं तोंड उघडलं की सगळे हसत होते. माझे कान तापले. आईकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी संत्र्यांच्या ढिगापाशी आई म्हणाली, "राणी तसी बोलत असन तं तसीच सांग बाई. माह्यासाठी बदलू नको."

मी तशीच सांगितली, अगदी शुद्ध मराठीत. तेव्हा मला त्याचा अभिमानच वाटला होता; आज लाज वाटते. कारण त्या दिवशी आई मध्ये एकदाही बोलली नाही. परक्या घरी बसावं तशी, पदर सावरून, गुपचूप ऐकत राहिली.